जिवाने घालवलेला आवाज

खोडाळ्यात कोणालाही विचारा, जिवा कसा माणूस आहे म्हणून. ‘माणूस बरा, पण रखमी धवलेरीचा आवाज घालवला त्याने,’ असं उत्तर मिळेल. वर ‘येत नाही ते काम करू नये माणसाने’ हेही ऐकवतील. मी ऐकते आणि गप्प बसते, कारण गप्प बसायचं मी कबूल केलं आहे. लिहायचं नाही असं मात्र कबूल केलेलं नाही, आणि मी लिहिलेलं खोडाळ्यात कोणी वाचत नाही हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीचे शिक्षक आपापल्या गावी पळतात. माझ्या गावी आता माझं कोणी उरलेलं नाही, म्हणून मी माझ्या भाड्याच्या खोलीतच असते, आणि खोलीच्या समोर जिवाचं दुकान आहे. मोबाईलमध्ये गाणी भरून देणं, लग्नाच्या व्हिडिओला आवाज लावणं, बिघडलेली रेकॉर्डिंग दुरुस्त करणं अशी कामं तो करतो. वय सत्तेचाळीस. तरुणपणी ठाण्याला एका रेकॉर्डिंग स्टुडिओत वायरी ओढायच्या कामाला होता. बघून बघून कॉम्प्युटरवरचं कामही शिकला. आई आजारी पडली म्हणून परत आला. आई गेली, आणि हा इथेच राहिला. लग्न का केलं नाही, असं मी एकदा विचारलं होतं. ‘राहून गेलं,’ म्हणाला, एवढंच.

कोणतीही फाईल उघडत नसेल तर ती जिवाकडे आणायची, असा आमच्या भागात रिवाज होता. कोणाच्या जुन्या बटणांच्या फोनवर भावाचा आवाज असायचा आणि नव्या फोनवर तो वाजायचा नाही. कोणी फाईलचं नाव बदलून तिला एमपीथ्री करायला बघायचा आणि ती वाजत नाही म्हणून तक्रार घेऊन यायचा. ‘पाटी बदलली म्हणून दुकान बदलतं का?’ जिवा विचारायचा आणि दहा मिनिटांत फाईल खरोखरच बदलून द्यायचा. काम झालं की गिऱ्हाईक फोन कानाला लावून निघून जायचं. जिवा मग पुढचा कोणी येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसायचा. इतका वेळ रस्त्याकडे बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मला माहीत आहे कारण मीही खिडकीतून तेच करत असे.

रखमीआते बाजाराच्या दिवशी यायची. वारल्यांच्या लग्नात गाण्यांनी लग्न लावणारी जी बाई असते, तिला धवलेरी म्हणतात. रखमीआते तशी धवलेरी, सत्तरीच्या पुढची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, पाड्यावर एकटी राहणारी. तिची स्वतःची एक पद्धत होती. नवरानवरीची नावं ती गाण्यात अशी बसवायची की ते गाणं त्या दोघांसाठीच रचलं आहे असं वाटावं. कमू असो की मंगळू, प्रत्येक नावाला तिच्याकडे वेगळी चाल होती. ‘उज्ज्वला’ मात्र तिच्या चालीत बसत नसे. ‘एवढा मोठा नाव कशाला ठेवतात,’ असं म्हणून ती त्या मुलीची भर मांडवात उजी करून टाकायची.

अडचण अशी होती की एकाच दिवशी तीन-तीन लग्नं निघायची आणि रखमीआते एकच. जिथे ती पोचायची नाही तिथे सुदर्शनचा डीजे सिनेमातली गाणी लावून मोकळा व्हायचा. खोडाळ्यातली सगळ्यात मोठी साउंड सिस्टीम सुदर्शनची आहे, आणि त्यानेच दोन हिवाळ्यांपूर्वी डोकं चालवलं. आतेची गाणी एकदा नीट रेकॉर्ड करायची, नावांची जागा मोकळी ठेवायची, नावं वेगळी म्हणून घ्यायची, आणि ज्याचं लग्न असेल त्याची नावं जिवाने मध्ये जोडून द्यायची. आतेला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली.

जिवाने ते काम जीव लावून केलं. ठाण्याहून येताना आणलेले दोन माईक पेटीतून काढले, एकाची वायर उंदरांनी कुरतडली होती ती स्वतः नव्याने जोडली. आतेला स्टुलावर बसवून दोन्ही बाजूंना दोन माईक लावले. दोन्ही तिच्या तोंडापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत, म्हणून दोऱ्याने मोजले. ‘माझा माप घेतंस काय, शिंप्यासारखा?’ आते म्हणाली. गाणी दोन दिवसांत झाली. नावं संपेनात. दर बाजाराला आते आणखी पाच-सहा नावं म्हणून जायची आणि जिवा तिला पुढच्या बाजाराला आणखी थोडी म्हणायला सांगायचा. ‘तुमच्या यादीत आता तालुक्यात नसलेली नावं आली असतील,’ असं मी चिडवलं. तो हसला आणि आतेसाठी चहा सांगायला गेला. सगळ्या हिवाळ्यात मला तो एवढाच हसलेला आठवतो.

पहिलं लग्न साखरशेतला लागलं, कमलेश आणि तुळशीचं. जिवाने नावं जोडली, हेडफोन लावून तीनदा ऐकलं, मलाही ऐकवलं. आतेचा आवाज दोन्ही कानांत भरून राहिला होता. ‘असं काम ठाण्यातपण होत नाही,’ मी म्हटलं. मला त्या कामातलं काही कळत नाही, तरी म्हटलं.

साखरशेतला काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी चार जणांनी चार वेळा सांगितलं. सुदर्शनने फाईल लावली आणि भोंग्यातून कोंबडी ओरडली. मग बांगड्या वाजल्या, कोणीतरी खोकलं, लांबून एक मोटरसायकल गेली. आतेचा आवाजच नाही. आवाज वाढवला तर कोंबडी मोठ्याने ओरडली. पोरं हसत सुटली आणि म्हातारी माणसं घाबरली. लग्नाच्या दिवशी धवलेरीचा आवाज नाहीसा व्हावा हे त्यांना बरं दिसेना. शेवटी तुळशीचा भाऊ मोटरसायकल घेऊन निघाला, आतेला मागे बसवून घेऊन आला, आणि लग्न दुपार टळल्यावर लागलं. जिवा तिथेच होता. त्याच्याशी कोणी भांडलं नाही, पण येताना त्याला कोणी गाडीवर घेतलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात त्या फाईलच्या मागे लागला. मला सुट्टी होती. मी माझी खुर्ची उचलून त्याच्या दुकानात नेली.

हेडफोनवर आवाज स्वच्छ यायचा. तीच फाईल दुकानातल्या एकुलत्या स्पीकरवर लावली की आवाज गायब व्हायचा आणि कोंबडी उरायची. स्पीकरचा दोष म्हणावा तर बाकीची गाणी त्यावर खणखणीत वाजत होती. जिवाने वायर बदलली. फाईल एमपीथ्रीची वेव्ह केली, वेव्हची पुन्हा एमपीथ्री केली, जास्त दर्जाची केली, कमी दर्जाची केली. दुसरं सॉफ्टवेअर घातलं, त्यातून काढून बघितली. कॉम्प्युटर पुसून पुन्हा सगळं भरलं, त्यात एक अख्खा दिवस गेला. फोनवर पाठवायला हलकी व्हावी म्हणून दोन बाजूंची मिळून एकच बाजू केली, तर पडद्यावर डोंगरासारखी दिसणारी आवाजाची रेघ सपाट होऊन गेली. ‘इथे होती, मॅडम. आत्ता इथे होती,’ तो म्हणाला. त्याचे डोळे पडद्याला इतके लागलेले असायचे की मीच त्याला चष्मा करून घ्या म्हणून चार दिवसांत चाळीस वेळा सांगितलं असेल.

मधल्या बाजाराच्या दिवशी आते आली. साखरशेतची हकीकत सांगताना तिचा चेहरा खुलला होता. ‘माना गाडीवर नेला. सगली उभी राहिली, आली आली करून,’ ती म्हणाली. मग चहा फुंकत सहज बोलून गेली की यंदा बोलावणं फारसं आलंच नव्हतं. दरवर्षी या दिवसांत आठ-दहा घरची माणसं पाड्यावर येऊन सांगून जातात, यंदा दोन आली. ‘सगली बोलतात, आता मशीन हाय. म्हातारीला कशाला तरास. खरा हाय त्यांचा.’ तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी जिवाकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता, पण हात थांबला होता.

‘मग घरी काय करता दिवसभर?’ मी आतेला विचारलं.

‘बसतां,’ ती म्हणाली.

घरी बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

पाचव्या दिवशी दोष सापडला, आणि तो माझ्या दुखऱ्या कानामुळे सापडला. माझा डावा कान ठणकत होता म्हणून मी हेडफोनची एकच बाजू लावून ऐकत होते. उजवीकडे आवाज ठीक होता. जिवाने डावी बाजू लावून ऐकली, तिथेही ठीक होता. दोन्ही बाजू एकेकट्या चांगल्या आणि भोंग्यावर किंवा एका स्पीकरवर एकत्र आल्या की नाहीशा, हे कसं, असं मी विचारलं. जिवा पडद्यावरच्या दोन माईकच्या दोन रेघा मोठ्या करत गेला, केसासारखी बारीक लहर दिसेपर्यंत. वरची रेघ जिथे चढत होती तिथे खालची नेमकी तेवढीच उतरत होती. एक चढ आणि एक उतार मिळवला की हातात शून्य येतं, हे मलासुद्धा समजलं.

तो उठला, दुसऱ्या माईकची वायर काढली आणि तिचं टोक उघडलं. लाल आणि पांढरी तार एकमेकींच्या जागी लागली होती. हे त्यानेच जोडलं होतं, चष्म्याशिवाय. माईक दोऱ्याने मोजून लावले नसते तर आवाज थोडा तरी उरला असता. त्याने इतकं बरोबर मोजलं होतं की पूर्ण गेला. कोंबडी एका बाजूला होती म्हणून तेवढी वाचली.

‘हजारो वायरी जोडल्यात मी,’ तो म्हणाला. मग खाली बसला, खालची रेघ निवडली आणि ती उलटी करायचं एक बटण दाबलं. पाच दिवसांचं दुखणं पाच सेकंदांत गेलं. त्याने हेडफोन काढला आणि स्पीकर लावला.

मी आतेला मांडवात ऐकलं आहे, पण भोवती शंभर माणसं असताना. इथे आम्ही दोघंच होतो आणि तो आवाज दुकानभर उभा राहिला. तुळशीचं नाव आलं, कमलेशचं आलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून आत बघायला लागली, तसा जिवाने घाईघाईने आवाज बंद केला.

तेवढ्यात सुदर्शनचा फोन आला. त्याचं बोलणं मला फोनबाहेरही ऐकू येत होतं. जामसरला लग्न होतं, मग पुढे मोखाड्याच्या बाजूला चार, आणि आता त्याच्या ओळखीचे डीजेवाले फाईल मागत होते, जव्हारचे, विक्रमगडचे. एकदा चांगली फाईल हातात आली की सगळ्यांना पाठवतो, कोणाला आतेची वाट बघायला नको, असं तो म्हणत होता. चांगल्या मनाने म्हणत होता, हे मला सांगितलं पाहिजे.

‘झाली का?’ सुदर्शनने विचारलं.

जिवाने पडद्याकडे पाहिलं. तिकडून सुदर्शन दोनदा हॅलो हॅलो म्हणाला.

‘नाय झाली,’ जिवा म्हणाला. ‘मूळ फाईलच खराब आहे. आवाज गेला तो गेला. आता नाय यायचा.’

फोन ठेवून त्याने मघाचं बटण मागे फिरवलं. खालची रेघ पुन्हा उलटी झाली. जिवाच्या तोंडून ‘होत नाही’ मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं, इतर कोणीही ऐकलं नव्हतं. त्या एका गोष्टीवर तो ह्या गावात उभा होता.

‘कोणाला सांगू नका, मॅडम,’ तो म्हणाला, आणि मी हो म्हटलं. त्या क्षणी मला ते फार मोठ्या मनाचं वाटलं. ‘आतेला तरी सांगाल ना?’ मी विचारलं. त्याने मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही.

पुढच्या बाजाराला कळलं. आते आली ती स्टुलावर बसली नाही.

‘सुदर्शन बोलला, माझा आवाज गेला. खरा काय?’

‘हां, आते.’

‘सगली गाणी?’

‘सगळी.’

‘नावा? ती एवढी नावा बोललां मी, ती?’

‘तीपण.’

आते दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मला वाटलं, तिला बरंच वाटेल. लोक पुन्हा बोलवायला येतील हे तिला कळेल. मी किती कमी जाणत होते.

‘माझी पोर गाणी शिकली नाय,’ ती हळू म्हणाली. ‘नातीला लाज वाटं. माना वाटलेला, मशीनमदी तरी ऱ्हाल. मी मेल्यावर माझ्या तोंडून पोरांची लग्ना लागतील.’ ती जिवाकडे बघत होती. ‘तू माझा आवाज खाल्ला रं, जिवा. आता परत मशीनमदी नाय गाणार मी.’

मी तोंड उघडलं. जिवाने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते पुन्हा मिटलं. आते बाजाराच्या गर्दीत निघून गेली. सांगितलेला चहा आला तो मी आणि जिवाने वाटून घेतला.

तिसऱ्या दिवशी मात्र मी त्याला फैलावर घेतलं. आयुष्यभर शाळेत पोरांना रागावलेल्या बाईचा राग होता तो, चांगला लांबलचक. तिला काय हवं ते तुम्ही कोण ठरवणार, असं विचारलं. तिच्या आवाजाचे मालक तुम्ही झालात का, असंही विचारलं. आजच्या आज जाऊन तिला खरं सांगा, नाहीतर मी सांगते, म्हटलं.

जिवाने सगळं ऐकून घेतलं.

‘सांगितलं तर ती काय म्हणेल?’ त्याने विचारलं. ‘दे सगळ्यांना, म्हणेल. तिला दुसरं येतच नाही. मग फाईल जाईल गावोगाव आणि आते बसेल पाड्यावर. तिला कोणी मुद्दाम नाय टाकणार, मॅडम. फक्त कोणी नेणार नाय.’

‘म्हणून तिचं गाणं असं कोंडून ठेवणार?’

‘कोंडलं नाय. दोन ठिकाणी ठेवलंय, नीट करून. नावंपण.’ तो थोडा थांबला. ‘ती गेल्यावर देईन सगळ्यांना. ती म्हणाली ना, मी मेल्यावर. तसंच होईल.’

‘अहो, म्हणजे ती जिवंत आहे तोपर्यंत ती तुमच्याशी बोलणार नाही.’

‘नाय बोलणार,’ तो म्हणाला.

मला त्याचा राग आला होता आणि अजूनही आहे. दुसऱ्याच्या भल्याचा निर्णय परस्पर घेणाऱ्या माणसांना मी नोकरीत फार पाहिलं आहे आणि त्यांच्यातलं कोणी मला कधी आवडलं नाही. पण त्यांच्यापैकी कोणी स्वतः त्याचा भुर्दंड सोसलेलाही मी पाहिला नव्हता. मी आतेला जाऊन सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, ते मला विचारू नका. मला विचारणारं तसंही कोणी नाही.

त्या उन्हाळ्यात रखमीआतेने अकरा लग्नं लावली. तिला न्यायला जीपगाड्या आल्या. जामसरला ती दोन दिवस राहिली. ह्या वर्षी पुन्हा तेच चाललं आहे. सुदर्शन आपली कामं जव्हारच्या एका दुकानात नेतो, आणि त्याच्या मागून बाकीचेही तिकडेच जातात. रखमीआते बाजाराला येते, ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जाते. एकदा खोडाळ्यातच लग्न होतं, तिथे तिच्यासमोरचा माईक खरखरायला लागला. सवयीने जिवा गर्दीतून पुढे झाला. आतेने गाणं थांबवलं, माईकवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, ‘त्याला हात लावाया देऊ नका.’ जिवा आला तसा मागे गेला. ती माईकशिवायच पुढचं गाणं गायली, आणि ते शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. शेवटचा माणूस तोच होता.

महिन्यातून एकदा मी आतेच्या पाड्यावर जाऊन येते. परत आले की जिवा दुकानातून उठून रस्ता ओलांडतो आणि माझ्या दाराशी उभा राहतो. आत या म्हटलं तरी येत नाही.

‘आते कशी आहे?’ तो विचारतो.

‘बरी आहे.’

‘खोकला?’

‘नाही. चांगली ठणठणीत आहे. अजून दहा वर्षं तरी गाईल.’

‘चांगलं झालं,’ जिवा म्हणतो, आणि दुकानात जाऊन बसतो.